लाल काठाच्या सात चिंध्या

माझं नाव मार्था, पन गावात सगळी मार्ताबाईच म्हनत्यात, तुमी बी तेच म्हना ताई, काय फरक पडत न्हाई. माहेर माझं केडगाव, नगरला लागूनच, पुन्याच्या रस्त्याला. आमचे आप्पा शिंपीकाम करायचे, म्हंजी जातीनं न्हाई, आमी ख्रिस्ती, आप्पांच्या आज्यापासनं ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिवन शिकवायचे तिथं आप्पा शिकले आन् त्याच्यावरच आमी पाच भावंडं मोठी झालो. लष्करातल्या साहेबांचे कपडे यायचे, शाळेच्या पोरांचे यायचे, लग्नाचे यायचे, नुसता ढीग. मंग कुनाचं कापड कोनतं हे कळावं म्हनून आप्पा काय करायचे, तर कापड हातात आलं की आधी त्याच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालायचे. पाटलाचा हिरवा, मास्तरांचा पिवळा, आनखी कुनाचा लाल. वहीबिही काय न्हाई, सगळा कारभार दोऱ्यावर. मी शाळेतनं आले की टाके घालायचं काम माझ्याकडं. आप्पा म्हनायचे, मार्था, टाका चुकला तर एकाची विजार दुसऱ्याच्या घरी जाईल, मंग शिव्या तू खानार का मी. पन माझा टाका कदी चुकला न्हाई, देवाशपथ सांगते, एक बी कापड कदी हुकलं न्हाई.

हे मी तुमाला कशापायी सांगते, तर म्होरं जो घोळ झाला तो या टाक्यापायीच झाला. आता घोळ म्हनलं की तुमाला वाटंल बाई मीठमसाला लावून सांगते, पन मला खरंच आजून त्यातलं निम्मं कळलेलं न्हाई, जे कळलं ते सांगते, बाकीचं तुमी शिकलेल्या मानसांनी बघावं.

लगीन होऊन आले ती या गावात, पाथर्डीच्या अंगाला, कोरडं गाव. पयली काही वर्सं आमी दोघं ऊस तोडाया जायचो, समदं गावच जायचं, दिवाळी झाली की गाव मोकळं. मंग आमच्या मालकांची कंबर धरली, तवा ते म्हनले आता पुरं, आपली दोन एकर हाय ती करू. आमचे मालक म्हंजी दिवसात मोजून चार शब्द बोलनारा मानूस, पन बोलले की बरोबर वर्मावर. त्या दोन एकरात बाजरी आन् कापूस. दोन म्हशी. पोरगी दिली तिकडं श्रीरामपूरला, ती सुखात हाय. तर आसा सगळा आपला साधा संसार, त्यात काय सांगन्यासारखं न्हवतं, ह्या पॉइंटाचं झेंगट मागं लागेपर्यंत.

चार-पाच वर्सं झाली आसतील, नगरहून स्नेहल मॅडम आल्या. स्कुटीवर यायच्या, तोंडाला सगळा ओढनीचा गुंडाळा, नुसते डोळे दिसायचे. म्हनल्या शाश्वत कापसाचा प्रकल्प आहे. शाश्वत हा शब्द मी आमच्या पाळकसाहेबांच्या तोंडूनच ऐकल्याला, मला वाटलं ही प्रार्थनेला आली का काय. तर न्हाई. बायांचा गट करायचा, कोनतं औषध कदी फवारलं ते वहीत लिहायचं, उगं दिसंल ती कीड मारत सुटायचं न्हाई, पानी बेतानं द्यायचं. आन् वेचनी चोख. वेचताना डोक्याला पांढरं फडकं, केस पडता कामा नये. गाठोडं पांढऱ्या सुती चादरीत बांधायचं, प्लास्टिकच्या गोनीत न्हाई. बाजारातल्या गोनीचा धागा, गुटख्याची पुडी, रंगीत नायलॉन, काय बी कापसात जायला नको. मी मिशनच्या शाळेत सातवी शिकलेली, वाचता-लिहिता येतं, मंग मलाच गटप्रमुख केलं. मी बी लई कडक प्रमुख बरं का. आमची कलावती वेचताना तंबाखू मळायची, तर मी तिच्या कनवटीची पुडी काढून बांधावर ठेवायची आन् म्हनायची, घरी जाताना ने. ती मला मार्ता जमादार म्हनायला लागली.

आता घोळ. मी मॅडमला इचारलं, मॅडम, माझा कापूस जातो कुठं. त्या म्हनल्या जिनिंगला. जिनिंग म्हंजी जिथं कापसातनं सरकी काढत्यात आन् राहिलेली रुई दाबून गाठी बांधत्यात, ते मला ठावंच हाय. मी म्हनलं म्होरं कुठं. त्या म्हनल्या सूतगिरणीत, मग कापड विणायला, मग शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात, मग परदेशातल्या दुकानात. आन् मोबाईलवर फोटो दाखवला, निळा शर्ट, आत गळ्यापाशी एक बारकी चिठ्ठी. म्हनल्या, हा शर्ट घेणारा तुमच्यासारख्या शेतकऱ्यांना हातभार लावतो. मी म्हनलं म्हंजी ह्यात माझा कापूस हाय. तर म्हनल्या, असेल किंवा नसेल मावशी. आसं कसं हो आसंल किंवा नसंल? म्हनल्या कापूस वेगळा जातो, क्रेडिट वेगळं जातं. तुमच्या रुईच्या किलोमागं एक क्रेडिट, ते कॉम्प्युटरमधून या कारखान्याकडून त्या कारखान्याकडं जातं, आणि शर्टवाला ते घेतो, कापूस त्याला दुसराही मिळाला तरी चालतो. आमच्या गटात आमी त्याला पॉइंट म्हनायचं ठरवलं, क्रेडिट म्हनलं की बायांना पतपेढी आठवायची.

आन् त्याच्यावरची गंमत ऐका. मॅडम म्हनायच्या, जिनिंगमध्ये गाठ बांधेपर्यंत आपला कापूस दुसऱ्या कापसात मिसळायचा म्हणजे मिसळायचा नाही, ढीगसुद्धा वेगळा. मी म्हनलं बरं. आन् गाठ बांधून भाईर पडली की? मग मिसळला तरी चालतो, फक्त पॉइंटाचा मेळ बसला पाहिजे. अवो, मी म्हनलं, दारापर्यंत सोवळं आन् दाराभाईर सगळं एकच, हे कुठलं सोवळं काढलं तुमी? मंग त्यांनी मला डेअरीचं सांगितलं. मावशी, डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच टाकीत ओततात ना, तरी चिठ्ठी तुमची तुम्हालाच मिळते ना, तसंच. मी म्हनलं, व्हय, पन ती चिठ्ठी माझ्या हातात येती. इथं चिठ्ठी शर्टवाल्याकडं, कापूस भलतीकडंच, मंग माझ्याकडं काय? त्या हसल्या, म्हनल्या तुमच्याकडं प्रशिक्षण.

कलावती तर टपूनच बसल्याली. म्हनली, मार्ताबाईचा पॉइंट इमानात बसून गेला आन् मार्ताबाई आजून एसटीच्या थांब्यावर. सगळ्या खिदळल्या. मी बी हसले, पन मला लागलं. प्रमुख मी, आन् आपला कापूस जातो कुठं एवढं बायांना सांगता येत न्हाई. रोज डोक्यात तेच. भाकरी थापताना तेच, धार काढताना तेच.

मंग मला आप्पांचा टाका आठवला. म्हनलं, धा गिऱ्हाइकांच्या ढिगातनं मी कापड शोधायची, मंग ह्या कापसाची ती काय मिजास. माझं एक जुनं सुती लुगडं हुतं, पांढऱ्या अंगाचं, लाल काठाचं, सासूबाईंनी दिल्यालं, इरून गेल्तं. त्याच्या काठाच्या सात चिंध्या काढल्या, बोटाएवढ्या रुंद, आन् माझी सात गाठोडी हुती, एकेकात एक मधी सारली. आता तुमी म्हनाल, बाई, तूच बायांना सांगायची ना रंगीत काय बी नको म्हनून. व्हय, सांगायची. पन माझ्या मनात काय, ते नायलॉन, ते प्लास्टिक, ती घान. हे तर सुतीच हाय! कापसात कापूस, त्यात काय बिघडतंय? गाठीवर नंबर आसतो हे मला ठाव हुतं. मला वाटलं, जिनिंगच्या बायांना चिंधी दिसंल, त्या म्हनतील ही मार्ताबाईची खूण, अमक्या नंबरच्या गाठीत गेली, मंग त्या नंबरच्या मागं मागं इचारीत जायचं. आसं मोठं डोकं चालवलं मी. मालक दारात बसले हुते, त्यांनी मला लुगडं फाडताना बघितलं, पन इचारलं न्हाई.

कापूस न्ह्यायचा शब्बीरभाईच्या टेम्पोतनं. शब्बीरभाई आमच्याच गावचा, मालकांचा जोडीदार, दोघं एकाच वर्गात नापास झाल्याले. मला वैनी म्हनतो. लई टापटिपीचा मानूस, टेम्पोत कापूस भरायच्या आधी झाडून घेनार, वर धुतल्याली चादर अंथरनार. फक्त माल मागं भाईर निघतो म्हनून टेम्पोला मागच्या बाजूनं लाल फडकं बांधल्यालं, मागच्या गाडीला दिसावं म्हनून, ते कायमचं. एवढं ध्यानात ठेवा.

आठवडा गेला न्हाई तर मॅडमचा फोन. आवाज सगळा पडल्याला. मावशी, आपल्या ढिगाच्या रुईत लाल आलंय. मी म्हनलं लाल म्हंजी? मशीनमध्ये कापडाचे तुकडे जाऊन धागे धागे झालेत, सगळ्या रुईत लाल ठिपके, आठ-दहा गाठी खराब, जिनिंगचे शेठ तापलेत, म्हणतात टेम्पोवाल्यानं मागचं फडकं कापसात पडू दिलं, आता त्याची गाडी इथं येऊ देणार नाही, आणि आपला गटही यादीतून जाईल. मला वाटल्यालं चिंधी आखी राहील, तिकडं मशीननं तिचा पार भुगा केल्ता. मला मशीन म्हंजी आप्पांचंच ठाव ना.

बाया समाजमंदिरात जमल्या. शब्बीरनं आपलं वाटोळं केलं, एक म्हनली. आता दुसरा टेम्पो बघायचा, दुसरी म्हनली. आन् मी, प्रमुख, मधी बसल्याली, मूग गिळून. मला लाज वाटती सांगायला, पन सांगते, मी त्या दिवशी एक शब्द बोलले न्हाई. उलट कलावतीच म्हनली, शब्बीर तसला मानूस न्हाई गं. मी तेवढं बी म्हनले न्हाई. मला वाटलं, कळलं तर गट जानार, ह्या बाया मला दारात उभं करनार न्हाईत, आन् मॅडमची नोकरी बी जाईल का काय.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आमच्या चर्चमधी सुगीचा सण हुता. आमच्यात कसं, नव्या पिकातलं पयलं देवाला न्ह्यायचं, कुनी बाजरीची कनसं, कुनी कोंबडी, कुनी भोपळा, आन् उपासना झाली की आंगनात त्याचा लिलाव. मी भोपळा नेल्ता. रिटायर गुरुजींनी चढाओढीनं बोली लावून तो घेतला, आन् पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं, भोपळा मार्थाबाईंकडून. आन् तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! भोपळा गुरुजींच्या कालवनात, आन् दान माझ्या नावावर. अगं बाई, म्हनलं, ह्योच तो पॉइंट! एवढं मॅडमला सांगता आलं न्हाई. पन लगोलग दुसरं मनात आलं, की गुरुजींनी घरी जाऊन भोपळा चिरला आन् तो आतनं सडका निघाला, तर मंग माझं दान चांगलं का सडकं? झालं, पुन्ना सगळं गढूळ.

भाईर आले तर गेटपाशी शब्बीरभाई उभा. दाढी वाढल्याली. म्हनला, वैनी, माझं एक काम करा. तुमी परमुख हाय, तुमचं आयकतील. उद्या जिनिंगला चला आन् शेठला सांगा, का शब्बीरनं चादर अंथरली हुती, त्याचं फडकं जागच्या जागी हाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एवढंच सांगा. एका जिनिंगनं बंद केलं का बाकीची बी बंद करत्यात, मंग मी टेम्पोत काय भरू. आन् माझ्या मागं आमचे मालक उभे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ताई, तसलं बघनं मी आख्ख्या संसारात बघितलं न्हवतं. मी म्हनलं, येते.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच टेम्पोत बसून गेलो. मी पिशवीत ते उरल्यालं लुगडं घेतल्यालं. वाटंनं शब्बीरभाई सारखा म्हनत हुता, वैनी, तुमचे उपकार हायेत. मला एकेक शब्द टोचत हुता. तिथं शेठ, मॅडम, दोन-चार हमाल. शेठनं रुईची लड दाखवली, पांढऱ्या रुईत लाल लाल बारीक, काट्यानं बोट ओरबाडल्यावानी. मी पिशवीतनं लुगडं काढलं आन् टेबलावर पसरलं. म्हनलं, शेठ, त्याचं फडकं बघू नका, हे बघा. मी टाकलंय. सात ठिकानी. शेठ म्हनला, कशाला टाकलं बाई? मी म्हनलं, कापूस कुठं जातो ते बघाया. तर एक हमाल फिस्सकन् हसला. शेठ हसला न्हाई, म्हनला, इचारलं आसतं तर गाठींचे नंबर मी स्वतः दाखवले आसते. पन एका ढिगात धा गावं आसत्यात, गाठ बघून ह्या बाईचा कापूस आसं मला बी सांगता येत न्हाई, देवाला बी येनार न्हाई.

शब्बीरभाईचं काय झालं इचारा. तो भाईर जाऊन टेम्पोच्या पायरीवर बसला, पाठ करून. शेठ म्हनला, त्याची गाडी चालू राहील. बरं म्हनलं. एवढं तरी झालं.

मंग मी मॅडमला इचारलं, आता ह्या खराब रुईचे पॉइंट बी खराब झाले का? मॅडमनी कॉम्प्युटर उघडला, लई वेळ बघितलं, मंग म्हनल्या, मावशी, ते आधीच गेलेत. कुठं गेलेत? सूतगिरणीकडं, आधी गेलेल्या चांगल्या गाठींबरोबर. पॉइंट किलोवर असतात, डागावर नाही. आन् रुई? ती इथंच आहे, आता गादीवाल्यांना विकतील. मी म्हनलं, म्हंजी कापूस बाद, आन् पॉइंट पास? त्या म्हनल्या, हो, म्हणजे तसं नाही, म्हणजे वरती विचारावं लागेल. मी म्हनलं, मॅडम, मंग तो निळा शर्टवाला माझ्या बाद कापसाची चिठ्ठी गळ्यात घालून हिंडतोय का? त्या पोरीच्या डोळ्यांत पानी आलं. म्हनली, मावशी, खरं सांगू, मलाही कधी कधी कळत नाही. तवा मला तिची लई दया आली. तिला बी कुनीतरी वरून सांगितल्यालं, तिनं मला सांगितलं, मी बायांना सांगितलं, आन् कळलं कुनालाच न्हाई.

गट राहिला, वरून कायतरी कागद आला, पुन्ना आसं होऊ देऊ नका म्हनून. प्रमुखपद मी माझ्या तोंडानं सोडलं, बायांसमोर सगळं सांगून. कलावतीला केलं प्रमुख. आता ती माझी पिशवी तपासती, म्हनती, मार्ता, चिंधी-बिंधी न्हाई ना? तपासू दे. पन शब्बीरभाई माझ्या दाराला आला न्हाई. आख्खा हंगाम आला न्हाई. कापूस न्ह्यायला दुसऱ्याला लावून द्यायचा, मालकांना पारावर भेटायचा, पन घरी न्हाई. रस्त्यात दिसला तर मान खाली. त्यानं मला शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं. त्यानं मला साक्षीला नेलं आन् मीच चोर निघाले, आन् दोन दिस त्याला चोर म्हनू दिलं. वाईट त्या दोन दिसांचं वाटतं, चिंध्यांचं न्हाई. चिंधी चूक हुती, ते दोन दिस पाप हुतं.

आता यंदाची गोष्ट. परवा वेचनी आटोपून बसले हुते, तर टेम्पोचा आवाज. शब्बीरभाई स्वतः. हातात एक उशी, नवी कोरी, ठिपक्यांच्या कापडाची. म्हनला, वैनी, माझा मेव्हना नगरला गाद्या भरतो तुमाला ठावंच हाय. त्यानं मागं जिनिंगमधनं स्वस्तातली रुई उचलली हुती. ही उशी घ्या. मी म्हनलं, कशाला? म्हनला, शिवन उसवून बघा. मी नखानं चार टाके उसवले, आन् बोट घालून कापूस भाईर काढला. लाल. बारीक बारीक, माझ्या सासूच्या लुगड्याचं लाल. शब्बीरभाई म्हनला, घ्या, तुमचा कापूस कुठं गेला ते इचारत हुता ना, सापडला. आन् हसला. मला रडू आवरंना. मालक म्हनले, एवढा आटापिटा केलास, निघाला आपल्याच घरी. मंग मी त्याला म्हनलं, भाई, मला माफ करा. तो म्हनला, चहा टाका, सकाळपासनं उपाशी हाय.

उद्या त्याचा टेम्पो येनार हाय. गाठोडी मी बांधून ठेवली न्हाईत मुद्दाम, त्याच्या म्होरं उघडी ठेवनार, त्यानं हात घालून बघावं आन् मंगच गाठ मारावी. तो नको म्हनंल, पन मी बघायला लावनार.

उशीचे ते चार टाके मी परत घातले, पांढऱ्या दोऱ्यानं. तीच घेते रोज डोक्याखाली. आन् पॉइंट? तो कुठं हाय ते मला न्हाई सांगता येत, मॅडमला न्हाई, शेठला न्हाई. कुठंतरी कुनाच्या तरी अंगात तो शर्ट आसंल, निळा न्हाई तर दुसरा. त्याला देव सुखात ठेवो, माझं काय म्हननं न्हाई, चांगल्या मनानंच घेतला आसंल त्यानं. फक्त तुमी हे लिहून घेताय ना ताई, तर एवढं बी लिवा, त्याला कदी वाचता आलं तर वाचंल, की बाबा, तुझ्या चिठ्ठीतला कापूस माझ्या उशीत हाय.